खंडेनवमीआधीचा रविवार

सकाळचे साडेनऊ होत आलेत. पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात ताडपत्र्या अंथरून झाल्या आहेत. परवापर्यंत पाऊस होता. रस्त्याकडेचा चिखल आता वाळून भेगाळलाय आणि माणसांची ये-जा वाढली तशी पायांशी धूळ उठतेय. ऊन पाठीवर बसायला लागलंय. सावली आहे ती फक्त उभ्या टेम्पोंच्या आडोशाला. तिथे विकणारे बसलेत. घेणाऱ्यांनी उन्हात वाकायचं.

बाजार आठवड्यातून दोनदा भरतो, बुधवारी आणि रविवारी. मोबाइलचे चार्जर, पंख्यांच्या मोटारी, काटे नसलेली घड्याळं, पितळी स्टोव्ह, कुलपं आणि कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या. पुढे सरकायचं तर आधी खांदा घालायचा, मग पिशवी ओढून घ्यायची. हत्यारांच्या ताडपत्र्या कडेला आहेत. दिसायच्या आधी त्या ऐकू येतात. कुणीतरी ढिगात हात घालतं, नको ते बाजूला टाकतं. खण्, खण्, खणाक्.

सगळा ढीग एकाच रंगाचा. तपकिरी. पटाशा, किकरी, वाकस, रंध्यांची पाती, करवती, कानशी, गिरमिटं. कशाची मूठ गेलीय, कशाची नुसती मूठच उरलीय. यातल्या बऱ्याच हत्यारांनी पावसाळा कुठल्यातरी माळ्यावर, ओल्या गोणपाटात काढलेला असतो. काहींनी तीस-चाळीस पावसाळेही.

आज गिऱ्हाईक जास्त आहे. नवरात्र चालू आहे. चार दिवसांवर खंडेनवमी आलीय. सुतार, लोहार, गवंडी, गॅरेजवाले त्या दिवशी हत्यारं पाटावर मांडतात. मांडायची तर उजळलेली हवीत. घरातली आहेत ती उजळायची, कमी असतील ती इथून न्यायची.

माझ्या शेजारी एक वयस्कर गृहस्थ उकिडवे बसलेत. शर्टाच्या खिशात चपटी सुतारी पेन्सिल. पटाशी उचलली की ते ती आधी उलटी करतात. धार बघत नाहीत, पाठ बघतात. बोट ओलं करून पाठीवर घासतात. बोटाला लाल पूड लागते. पुडीखालून करडं पोलाद डोकावलं की ती पटाशी मांडीशी येते. दुसरीला नख लावल्यावर पापुद्रा सुटतो. त्याच्याखाली आणखी एक पापुद्रा. ती परत ढिगात.

लोखंडाचा गंज होतो तेव्हा तो मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा घेतो. म्हणून तो फुगतो, सुटतो आणि खालचं कोरं लोखंड उघडं पाडतो. तिथे पुन्हा पाणी पोचतं, हवा पोचते. वरची पूड पुसता येते. पापुद्रे सुटायला लागले की पुसण्यापुरतं आत फारसं काही उरलेलं नसतं.

“पुढून किती का खाल्लेली असेना,” गृहस्थ हातातली पटाशी माझ्यापुढे धरतात, “ती बाजू घासून परत करता येते. पाठीला धारेजवळ खड्डे पडले की संपलं.”

त्यांच्या अंगठ्याखाली खड्डे दिसतात. देवीचे व्रण असावेत तसे, बारीक आणि दाट. धार म्हणजे पाठ आणि उतार जिथे मिळतात ती रेघ. त्या रेघेत खड्डा आला की तिथे धार तुटते. घासून मागे न्यावी तर पुढचा खड्डा वाट बघत असतो.

आणखी एका पटाशीवर ते ओलं बोट फिरवतात. गंजातून इंग्रजी अक्षरं वर येतात. शेफिल्ड. खाली कास्ट स्टील. साधारण १७४० च्या सुमारास इंग्लंडमधल्या त्या गावाजवळ मुशीत पोलाद वितळवून ओतायची रीत बसली आणि पुढची दीडशेहून अधिक वर्षं हत्यारांवर हा शिक्का मानानं उमटत राहिला. दक्षिण भारतातले कारागीर मुशीत पोलाद त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून करत होते. त्यांचे शिक्के या ढिगात नाहीत. टेम्पोच्या सावलीतल्या विक्रेत्यालाही अक्षरं दिसलीत. तो पुढे सरकतो.

“चाचा, कितीला?”

“ढाईसौ.”

“अहो, मूठ नाही हिला.”

“मूठ नाही म्हणून ढाईसौ. मूठ असती तर चारसौ.”

“शंभर घ्या.”

“काका, नाव वाचलंत ना तुम्ही आत्ता? मग?”

सौदा लांबणार. पलीकडे एक तरुण बिडाचा रंधा घेऊन उभा आहे. रंधा दोन बोटांवर तोलून धरायचा आणि नाण्यानं टिचकी मारायची. आवाज खणखणीत आला तर बरं. बद्द आला तर तोंडाजवळ बारीक चीर शोधायची. बीड कडक असतं, पडलं की तडकतं, आणि गंजात चीर लपून जाते. तरुण टिचकी मारतो, कान जवळ नेतो. शेजारच्या ताडपत्रीवर कुणीतरी ट्रान्झिस्टर लावून बघतंय. त्याला काही ऐकू येत नाही. तो रंधा घेऊन गर्दीच्या बाहेर जातो आणि पुन्हा टिचकी मारतो.

अकराच्या पुढे उभं राहवत नाही. हत्यारं जिथे उजळून मिळतात तिकडे निघतो. रिक्षा सोमवार पेठेतून, रास्ता पेठेतून, नाना पेठेतल्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांवरून भवानी पेठेत येते. टिंबर मार्केट जवळ आलं की आधी वास येतो. सागाचा कडवट वास, त्यात ओल्या भुशाचा. रविवारची वर्दळ कमी आहे. एका बोळाच्या तोंडाशी मात्र माणसं थांबलीत. प्रत्येकाच्या हातात वजनदार पिशवी. सिमेंटची रिकामी गोणी, किराण्याची कापडी पिशवी, एकाजवळ तर पोराचं शाळेचं दप्तर. पिशव्या खाली ठेवल्या की आतून लोखंड वाजतं.

आत पत्र्याची शेड आहे. बाहेर बत्तीस-तेहतीस अंश असतील. आत पत्रा वरून भाजतोय. तारेच्या ब्रशचा खरखराट थांबत नाही. मिस्त्री एका स्टुलावर बसलेत. समोर फळी, फळीवर वर्तमानपत्र. रांगेतला माणूस पिशवी त्यावर रिकामी करतो. मिस्त्री हत्यारांकडे बघायच्या आधी माणसाकडे बघतात आणि विचारतात,

“वापरायची की पुजायची?”

पुढचं सगळं या उत्तरावर ठरतं. हत्यारांचे तीन वाटे पडतात. एक वाटा नुसत्या रॉकेलनं आणि तारेच्या काथ्यानं पुसायचा. दुसरा टबात घालायचा. तिसरा मिस्त्री काही न बोलता पिशवीत परत भरतात. तिसऱ्या वाट्याचा मालक थोडा वेळ तिथेच उभा राहतो. मग बाजूला होतो.

एक बाई पेटीच घेऊन आल्यात. सासऱ्यांची. घरात आता कुणी सुतारकाम करत नाही, पण पेटी दर वर्षी पुजली जाते. मिस्त्री झाकण उघडतात. आत वाकस, दोन रंधे, गुण्या, सामता. वाकसावर लाल डाग आहेत, पण बाकी अंग काळंभोर आणि गुळगुळीत.

“हे काळं काढायचं नाही,” ते म्हणतात. “नुसतं लाल काढून देतो.”

“पण चमकणार नाही ना मग?”

“नाही चमकणार. टिकेल.”

काळा थरही लोखंडाचाच ऑक्साइड आहे. पण तो घट्ट बसतो, सुटत नाही, आणि खालच्या लोखंडाला थोडंफार झाकून ठेवतो. घासून तो काढला तर वाकस आठवडाभर चमकेल आणि पुढच्या पावसात नव्यानं लाल होईल. कोपऱ्यात गॅसच्या शेगडीवर पातेल्यात पाणी उकळतंय. त्यात रंध्याची दोन पाती बुडालीत. पातळ लाल गंज उकळत्या पाण्यात काळा पडत जातो. अर्ध्या तासानं मिस्त्रींच्या हाताखालचा पोरगा चिमट्यानं पातं काढतो, फडक्यानं पुसतो. फडक्याला काजळी येते. पातं काळं होऊन बाहेर आलेलं असतं.

टबात जाणाऱ्या हत्यारांच्या मुठी आधी निघतात. लाकूड पाण्यात घालायचं नाही. पोरगा पटाशी उलटी धरून मुठीच्या कडेवर मोगरीनं ठोकतो. मूठ सुटते. बाभळीची आहे. आतलं भोक शाईच्या रंगाचं झालंय. बाभळीतलं टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात भेटले की हा काळा रंग येतो. हिरडा आणि लोखंड घालून शाई करत, तीही याच मेळातून. पटाशीची आणि मुठीची ताटातूट होऊ नये म्हणून पोरगा दोन्हींना एकाच रंगाच्या चिंध्या बांधतो. दोरीवर रंगीत चिंध्यांच्या मुठी ओळीनं लटकतात.

पहिला टब प्लास्टिकचा. त्यात लिंबूसत्व. किराणा दुकानात मिळतं तेच, एका लिटरला ५० ग्रॅम. पाणी पिवळट हिरवं झालंय. तळाशी हत्यारं निजलीत आणि त्यांच्या अंगावरून बारीक बुडबुडे सुटतायत. मधूनच पोरगा हातमोजा घालून एक पटाशी वर काढतो, ब्रश मारतो, काळा राप खाली गळतो, पटाशी परत आत. तीन-चार तास. हलका गंज असेल तर तासाभरातही भागतं. रात्रभर विसरली तर आम्ल गंज संपवून पोलादाकडे वळतं आणि उजळलेली धार सकाळी खरबरीत निघते. व्हिनेगरचंही तसंच. त्यात ॲसिटिक आम्ल असतं चार-पाच टक्के. काम तेच, फक्त वास जास्त.

बिडाच्या रंध्यावर पोरगा दोनदा ब्रश फिरवतो, तरी काळं निघत राहतं. बिडात कार्बन दोन ते चार टक्के. आम्ल लोखंड खातं, कार्बन मागे राहतो. म्हणून बीड टबात फार वेळ ठेवायचं नाही.

रांगेतला एक जण पुढे वाकून बघतोय.

“मिस्त्री, संडासाचं ॲसिड टाकलं तर? पाच मिनिटांत होईल की.”

“होईल. आणि रात्रीत त्याच्या वाफेनं शेडमधलं एकूणएक हत्यार लाल होईल. तुमचं घेऊन तुम्ही जाल. मी काय करू?”

रांग हसते. तो मागे सरकतो.

दुसरा टब शेडच्या बाहेर, उघड्यावर. निळ्या पिंपाचा कापलेला अर्धा भाग. त्यात धुण्याचा सोडा घातलेलं पाणी, चार लिटरला मोठा चमचाभर. कडेनं जुन्या लोखंडी पत्र्याचे तुकडे उभे केलेत आणि ते तारेनं एकमेकांना जोडलेत. मधोमध आडव्या काठीवरून एक वाकस पाण्यात लोंबतोय. बॅटरी चार्ज करायचं १२ व्होल्टचं यंत्र शेजारी, पाटावर. लाल चिमटा पत्र्यांना, काळा वाकसाला. हे उलटं झालं तर पत्रे उजळतील आणि वाकस विरघळेल. म्हणून पोरगा चिमटे लावल्यावर मिस्त्रींना हाक मारतो. ते येऊन बघतात, मान हलवतात, मगच बटण.

वाकसाभोवती पांढरा फेस धरतो. थोड्या वेळात पाण्यावर तपकिरी साय येते. इथे पोलाद खाल्लं जात नाही. गंज तेवढा सैल होऊन सुटतो आणि पत्रे झिजत जातात. पत्रे साध्या लोखंडाचेच हवेत. स्टेनलेस स्टीलच्या तुकड्यातून क्रोमियम पाण्यात उतरतं आणि ते पाणी विषारी होतं. फेसातून सुटतो तो हायड्रोजन. एक गृहस्थ बिडी शिलगावून सावलीच्या शोधात या बाजूला येतात.

“काका, ती तिकडे,” पोरगा बोळाच्या तोंडाकडे बोट करतो.

दुपार होते. पत्र्याचा आवाज येतो, तापून ताणल्याचा. चहा येतो. रांग आता रांग राहिलेली नाही. माणसं फळ्यांवर, ओंडक्यांवर, उलट्या बादल्यांवर बसलीत. बोलणं कामाचं चाललंय. हल्ली सगळं प्लायवर, सनमायकावर आलंय. कापायला यंत्र, भोक पाडायला यंत्र, घासायला यंत्र. “मग पटाशी कशाला लागते?” मी विचारतो. शेजारचा सुतार बोटं दुमडत सांगतो: बिजागरीची खाच, कुलपाचं घर, दार अडलं तर कडेचं एक सालपट. यंत्र तिथवर पोचतं, पण कोपरा गोल सोडतं. चौकोनी कोपरा अजून हातानंच काढावा लागतो.

टबातून काढलेली हत्यारं सोड्याच्या पाण्यातून जातात, उरलंसुरलं आम्ल मरायला. मग कढत पाण्यातून. इथून सगळी घाई. ओलं, उघडं पोलाद हवेत आलं की मिनिटांत त्याच्यावर पिवळट तांबूस झाक चढते. कढत पाण्यातून काढलं की हत्यार स्वतःच्या उष्णतेनं वाळतं. पोरगा ते फडक्यात घेतो, दुसऱ्या फडक्यानं घासतो, उन्हातल्या पत्र्यावर मांडतो आणि पुढच्याला धावतो. पत्र्यावर करडी, मंद हत्यारं ओळीनं लागतात. सकाळच्या ढिगात सगळी एकाच रंगाची होती. आता प्रत्येकाचा रंग वेगळा. एका जुन्या पात्यावर आडवी रेघ उमटलीय. रेघेच्या अलीकडे फिकट, पलीकडे गडद. लोहारानं मऊ लोखंडावर पोलादाची पातळ पट्टी तापवून जोडलेली आहे. आम्लानं दोघांना वेगवेगळं खाल्लं म्हणून जोड दिसायला लागला.

“हे संपलं की पातं संपलं,” मिस्त्री गडद भागावर नख ठेवतात. धारेपासून रेघेपर्यंत अजून दीड बोट आहे.

धार लावायचं काम ते स्वतः करतात. आधी पाठ. जाड काचेवर पाण्यानं चिकटवलेला काळा कागद. १२०, मग २२०, मग ४००, मग ८००. पटाशी आडवी ठेवून, दोन बोटांनी दाबून, पुढे-मागे. पाणी काळं होतं. ते थांबतात, पाठ पुसतात, उजेडाला धरतात. धारेपासून दोन बोटांचा पट्टा सपाट आणि आरशाच्या जवळ आलाय. त्याच्यावरचा भाग डागाळलेलाच. तिथे ते कागद नेत नाहीत.

पटाशीचा मालक तरुण आहे. बाजारात नाण्यानं रंधा वाजवत होता तोच.

“वरचंही काढा ना, मिस्त्री. पैसे देतो.”

“वरच्या भागानं तू लाकूड कापतोस का?”

“नाही.”

“मग तिथलं पोलाद कशाला घालवू?”

तुटक्या धारेच्या पटाशीला चाक लागतं. ठिणग्या उडतात. दर तीन-चार स्पर्शांनंतर पटाशी पाण्यात. चर्र. कडक पोलादाला पाणी चढवल्यावर ते पुन्हा बेतानं तापवून त्याचा ठिसूळपणा काढलेला असतो. २३० अंशांच्या आसपास पोलादावर गवती पिवळा रंग येतो, ३०० च्या जवळ निळा. चाकावर धार निळी पडली की तेवढ्या भागाचा कडकपणा गेला. तो लाकडात लगेच मुरगळतो. गंजानं जे वाचवलं ते चाक मिनिटात घालवू शकतं. मिस्त्रींचं बोट धारेच्या अगदी मागे टेकलेलं आहे. बोटाला चटका बसायच्या आधी पटाशी पाण्यात जाते.

करवत वेगळी. तिला चाक नाही, टबही नाही. पातळ पान फळीवर आडवं, लाकडी ठोकळ्याला कागद गुंडाळलेला, हात फक्त लांबीच्या दिशेनं. दातांच्या ओळीजवळ ठोकळा थांबतो. दात शेवटी, तिकोनी कानशीनं, एक सोडून एक. मग करवत उलटी करून राहिलेले. तो आवाज दातांतून डोक्यात जातो. पेटीवाल्या बाई बाहेर जाऊन उभ्या राहतात.

चार वाजता पहिली पिशवी परत मिळते. मिस्त्री सागाच्या वखारीतून आणलेला एक ओंडका पुढे ओढतात, तरुणाच्या पटाशीनं त्याच्या टोकावरचा तिरपा छेद घेतात. आडव्या धाग्यांवर बोथट धार चुरा करते. इथे अखंड पापुद्रा निघतो आणि खालचं लाकूड तुळतुळीत दिसतं. तरुण त्यावर अंगठा फिरवतो. मग पैसे काढतो.

शेवटी तेल. यंत्राचं पातळ तेल फडक्याला, फडकं हत्याराला. खोबरेल चालतं, पण ते थंडीत थिजतं आणि जुनं झालं की चिकटतं. मुठींना जवसाचं तेल. ते लाकडात मुरून वाळतं. पुण्यात जुलै-ऑगस्टच्या सकाळी हवेत ८० टक्क्यांच्या वर आर्द्रता असते, आणि साधारण ६० च्या पुढे गेली की गंजाचा वेग वाढतो. हाताचा घामही पुरतो. घामातल्या मिठानं बोटांचे ठसेच्या ठसे लाल उमटतात.

बाईंची पेटी तयार आहे. वाकस काळाच आहे, लाल डाग गेलेत. मिस्त्री तो फडक्यात गुंडाळता गुंडाळता सांगतात, “ताई, पाटावर ठेवताना आधी तेलाचा हात फिरवा, मग हळद-कुंकू. झेंडूची फुलं ओली असतात. ती लोखंडावर रात्रभर ठेवू नका, पाटावर ठेवा. दसऱ्याला सगळं पुसून पुन्हा तेल लावा आणि पेटीत गोणपाट घालू नका, ते ओल धरतं.”

“आणि पुढच्या वर्षी?”

“एवढं केलंत तर पुढच्या वर्षी माझ्याकडे यायला नको.”

मागच्या माणसानं पिशवी फळीवर रिकामी केलेली असते. मिस्त्री मान वर करतात.

“वापरायची की पुजायची?”

“दोन्ही,” तो म्हणतो. मिस्त्री वाटे पाडायला घेतात.